हात न लावलेले मासे

मी, फुजिए कामिया, दिवंगत तामोत्सु कामिया यांची पत्नी, वय वर्षे ब्याऐंशी, राहणार ओकाझाकी, आज पूर्ण शुद्धीत, कुणाच्या धाकाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता, हे माझे मृत्युपत्र तोंडी सांगत आहे. नोटरी मियाचीसाहेब ते लिहून घेत आहेत. माझं डोकं जागेवर आहे. हात जागेवर नाहीत. चहाचा पेला तोंडाशी नेईपर्यंत निम्मा चहा मांडीवर सांडतो, हे मियाचीसाहेबांनी आत्ताच पाहिलं, आणि त्यांच्या पॅंटवरही थोडा गेला. पोटातलं दुखणं वेगळं. त्याबद्दल डॉक्टरांनी बोलणंच सोडलंय, नुसते हसून पाठीवर हात ठेवतात. तेव्हा आता उशीर करण्यात अर्थ नाही.

मियाचीसाहेब म्हणाले, "आजी, तुम्ही थोडक्यात सांगा, मी कायद्याच्या भाषेत बसवतो." मी म्हटलं, "मी सांगते तस्संच लिहा. दुसऱ्याच्या साच्यात बसता बसता माझा जन्म गेला." त्यांनी उसासा टाकला, पण लिहितायत.

कलम पहिले. राहते घर व त्यामागील अंगण माझा एकुलता एक मुलगा नोरिआकी यास मिळावे. नोरिआकी, तू इथे राहणार नाहीस हे मला माहीत आहे. नागोयातल्या नवव्या मजल्यावरून तू कशाला खाली उतरशील! घर विकशील, घेणारा पाडेल, आणि इथे गाड्या लावायची जागा होईल. होऊ दे. माझी हरकत नाही, आणि असली तरी तेव्हा मी कुठे असणार.

कलम दुसरे. पोस्टात जे काही आहे त्यातून माझे अंत्यविधी व देवळाचे देणे भागवावे. उरेल ते नोरिआकीचे. विधीला फुलं कमी आणा. आमच्या ह्यांच्या वेळी सोनमासे पाळणाऱ्या मंडळींनी इतकी फुलं आणली होती की घरात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्यातल्या एकालाही माझं नाव ठाऊक नव्हतं. सगळे मला "कामियांच्या घरचा हात" म्हणायचे.

कलम तिसरे. कपाटातले चषक, ढाली व प्रमाणपत्रे भंगारात घालावीत. नाव सगळ्यांवर ह्यांचं आहे, पण तो माझा ऐवज आहे आणि मी तो भंगारात काढते आहे. का, ते पुढे येईल.

कलम चौथे, मासे. इथे जरा सविस्तर सांगावं लागेल. मियाचीसाहेब तोयोहाशीचे, त्यांना सोनमासा म्हणजे जत्रेतल्या टपात कागदाच्या जाळीने पकडायचा लाल मासा, एवढंच माहीत.

सोनमासे शंभर जातींचे आहेत. कुणाचे डोळे बाहेर आलेले, कुणाच्या डोक्यावर फणसासारख्या गाठी, कुणाचं पोट भोपळ्याएवढं. लोक त्यावर खुळे होतात, होवोत बापडे. आमच्या मुलखाचा मासा जिकिन. अंग लांबट, शेपटी उभी, मागून पाहिलं तर मोराने पिसारा फुलवावा तशी चहूकडे पसरलेली. आणि रंग म्हणाल तर अंग पांढरंशुभ्र, लाली फक्त सहा जागी: ओठ, कल्ल्यांची झाकणं, पाठीचा पर, पोटाकडचे पर, शेपटीखालचा पर, आणि शेपटी. याला आम्ही सहा-लाल म्हणतो. एक जागा चुकली की तो मासा गेला जत्रेत.

आता खरी गोष्ट ऐका. तसा मासा जन्माला येत नाही. पिल्लं वसंतात अंड्यातून निघतात ती चिखलाच्या रंगाची. उन्हाळ्यात तो काळपटपणा उतरतो आणि खालून रंग येतो, पण त्याला सोडून दिलं तर तो येतो मनाला येईल तसा. एखादा नखशिखांत लाल, एखादा नुसता पांढरा, एखादा ठिपक्याठिपक्यांचा. म्हणून रंग उतरायच्या आधी पिल्लू ओल्या हातात धरायचं आणि बांबूच्या पातळ पात्याने अंगावरचे खवले एकेक करून काढायचे. त्या जागी नवे खवले येतात ते पांढरे. सहा जागा तेवढ्या सोडायच्या. पिल्लू बोटाच्या दोन पेरांएवढं, जरा दाब पडला की मेलं. ओकाझाकीत पूर्वी मासे पाळणाऱ्या प्रत्येकाच्या घरी हे काम चालायचं. कुणी लपवत नव्हतं, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. स्पर्धेत मासा मालकाच्या नावावर असायचा, हात कुणाचा ते सगळ्यांना माहीत असायचं.

आमच्या घरी हात माझा. सासऱ्यांनी शिकवलं. स्वतःच्या मुलाला शिकवून पाहिलं आधी, पण ह्यांचे अंगठे जाड. सासरे म्हणाले, "तामोत्सु, तुझ्या बायकोला दे ते पातं. तू पाणी बदल." तेव्हा हे हसले होते. माझ्या हाताची ख्याती अशी होती की शरदात नवे खवले भरून आले की कुठे पातं लागलं होतं ते सासऱ्यांनाही सांगता यायचं नाही. पुढे हीच ख्याती माझ्यावर उलटली.

कलम पाचवे. बांबूचे पाते, सासऱ्यांनी जुन्या घराच्या धुरकटलेल्या आढ्याच्या बांबूतून तासलेले, माझ्यासोबत जाळावे. ते कुणाला देऊ नये. कारण असे:

आमच्या ह्यांचं एक वेड होतं. आपोआप सहा-लाल होणारा मासा. पातं न लावता, जन्माने. त्यांच्या वडिलांचंही वेड तेच, पण बोलून दाखवायचे हे. तीसेक वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ह्यांनी पिल्लांचं एक टाकं कोठाराच्या मागे वेगळं ठेवलं आणि मला बजावलं, "फुजिए, याला हात लावायचा नाही." मी म्हटलं, "मला काय हौस आलीय? इथे पाठ मोडतेय ती काय कमी आहे?" बस्स, विषय संपला. त्या टाक्याकडे मी फिरकलेसुद्धा नाही.

आणि त्यातला एक मासा झाला. सहाही जागी. ओठ तर असे लाल की हे मला हाताला धरून ओढत घेऊन गेले बघायला. आमच्या संसारात त्यांनी माझा हात धरल्याचा मला आठवतो तो तेवढा एक प्रसंग. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "बाबा असायला हवे होते गं."

स्पर्धेला नेला. पहिला आला. परीक्षक होते आमच्या मासे पाळणाऱ्यांच्या मंडळाचे इनागाकी. तेच योशिहेई इनागाकी, जे आत्ता माझ्यासमोर गुडघे दुमडून बसले आहेत आणि मान खाली घालून ऐकतायत. तेव्हा मान वर होती. त्यांनी भर मांडवात, सगळ्यांच्या देखत मला हाक मारून म्हटलं, "वा वहिनी! यंदा तर तुमच्या हाताने कमाल केली!"

हे म्हणाले, "याला हात लावलेला नाही. हा आपोआप झालाय." सगळे हसले. इनागाकी म्हणाले, "तामोत्सु, तुला फसवलं रे बायकोने! हा हात मी अंधारातसुद्धा ओळखेन." अजून हसले. कौतुकच करत होते माझं. त्या कौतुकाने माझं घर खाल्लं.

परतीच्या वाटेवर गाडीत ह्यांनी विचारलं, "फुजिए, खरं सांग." मी म्हटलं, "नाही लावला." ते म्हणाले, "बरं." एवढंच. पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडले तरी असते! पुढच्या वसंतात त्या माशाची पिल्लं घ्यायची होती, वंश तिथूनच सुरू व्हायचा. ह्यांनी तो मासा जत्रेच्या मासेवाल्याला देऊन टाकला. मी खिडकीतून पाहिलं. बादलीत ओतला, बादली गाडीवर चढवली. कुणा पोराने कागदाच्या जाळीने धरून प्लास्टिकच्या पिशवीतून घरी नेला असेल, आणि तो आठ दिवसांत मेला असेल.

त्यानंतर वीस वर्षं आम्ही एका छताखाली राहिलो. एका भांड्यातलं लाल मिसोचं सार प्यायलो. दर उन्हाळ्यात मी त्यांच्या पिल्लांचे खवले काढले आणि ते पलीकडे बसून माझ्या बोटांकडे बघत राहिले. मरायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "अहो, त्या माशाला मी हात लावला नव्हता." ते म्हणाले, "आता काय त्याचं." नोरिआकी, तुला वाटायचं आईबाबा कधी भांडत नाहीत. तू मित्रांना मोठ्या कौतुकाने सांगायचास. भांडणाला सुद्धा विश्वास लागतो रे.

कलम सहावे, यंदाची पिल्लं. आमच्या घरच्या वंशातली म्हातारी मादी यंदा शेवटचं व्यायली. बरीचशी अंडी पांढरी पडून कुजली. पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या घरात लग्नं लावली की हेच होतं. निघाली ती मूठभर पिल्लं, मागच्या अंगणातल्या मोठ्या टाकीत आहेत. हा वंश जत्रेत गेलेल्या त्या माशाच्या भावाचा. पातं धरायला आता मला हात नाही, दुसरं कुणी धरणारं नाही. म्हणजे येत्या महिन्याभरात ही पिल्लं रंग बदलतील ती आपोआप.

आशा आहे म्हणून सांगत नाही. एका माशाला झालं ते पुन्हा होईल असं मानायला मी काही खुळी नाही. बहुतेक सगळी जत्रेच्या लायकीची निघतील. पण एखादा निघालाच सहा-लाल, तर या खेपेला कुणी म्हणू शकणार नाही की फुजिएचा हात. ऑगस्टात बोनच्या दिवसांत हे घरी येतील, पितर येतात तसे. तेव्हा तो मासा टपात घालून देव्हाऱ्यापुढे ठेवावा. कुणी काही बोलू नये. ह्यांना दिसेल. मला एवढंच हवं आहे, बाकी या मृत्युपत्रातलं सगळं कायद्यापुरतं आहे.

या पिल्लांचा मालकी हक्क माझी सून कानाको हिला द्यावा. मी उद्या इस्पितळात जाईन तेव्हापासून तीच त्यांना खाऊ घालेल. तिला जिकिनमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच तिला नेमलं. पूर्वी एकदा मला काम करताना पाहून म्हणाली होती, "अहो आई, जिवंत माशाची सालं काय काढताय, बघवत नाही हो!" आणि पडवीत जाऊन रडली होती. तिच्यावर कुणी संशय घेणार नाही. इनागाकींनी रंग पुरा होईपर्यंत अंगणात पाऊल टाकू नये, मंडळातल्या कुणीच टाकू नये.

आणि टाकीतलं हिरवं पाणी बदलू नये. लाली धरते ती शेवाळी पाण्यात आणि उन्हात. स्वच्छ पाण्यात, पांढऱ्या टपात, सावलीत पिल्लू ठेवलं की रंग फिका पडतो, आणि या दिवसांत एकदा पांढरं झालेलं पिल्लू पुन्हा लाल होत नाही. हे सगळ्यांना माहीत असतंच, तरी लिहून ठेवते.

कलम सातवे. कायद्याला दोन साक्षीदार लागतात. मियाचीसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याने या खोलीत बसायचं नाही, म्हणून कानाकोला वर चहा करायला पाठवलं आहे. ते असंही म्हणाले की इनागाकी साक्षीदार झाले तर त्यांना मासे देता येणार नाहीत. इनागाकींची टाकी रोगाने ओस पडली आहेत. ते तीनदा माझ्या दारात मासे मागायला आले. मी म्हटलं, "इनागाकीभाऊ, मासे हवेत की साक्ष देता? एकच मिळेल." त्यांनी एकदा मागच्या अंगणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "साक्ष देतो, वहिनी. आणि माझा विश्वास आहे तुमच्यावर. तेव्हाही मी आपला गमतीने…" मी म्हटलं, "तुमच्या विश्वासाचं मी आता लोणचं घालू? ज्याने ठेवायचा तो गेला. तुम्ही फक्त माझे हात बघा आणि सही करा."

तेव्हा साक्षीदारांनी साक्ष द्यावी ती माझ्या शुद्धीची नव्हे, माझ्या हातांची. हे हात पाहून घ्यावेत. या हातांनी पात्याचं काम होणे नाही, हे त्यांनी लिहून द्यावे.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवण्यात आला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. सही माझीच आहे. वेडीवाकडी आली आहे, ती मुद्दाम नीट केलेली नाही.

फुजिए कामिया

साक्षीदार: योशिहेई इनागाकी. हात पाहिले. पेलाही धरवत नाही.
साक्षीदार: तेरुयो ओगुरी, शेजारीण, टोफूचे दुकान. मी पण पाहिले. फार वाईट वाटले.

ओकाझाकी, २८ जून, रेइवा सहा (सन २०२४)


पुरवणी

मी, फुजिए कामिया, इस्पितळातील खाटेवरून, वरील मृत्युपत्राला ही पुरवणी जोडत आहे. तेच नोटरी, तेच साक्षीदार. आवाज लहान झाला आहे. मियाचीसाहेब कान जवळ आणून लिहितायत.

नोरिआकी, हे तुझ्यापुरतं आहे. नीट वाच.

जुलैच्या मध्याला कानाकोचा फोन आला. ती हसत होती. "आई, एक मासा लिपस्टिक लावल्यासारखा दिसतोय!" मी विचारलं, "पोट?" म्हणाली, "पोट पांढरं. गालांवर पण लाल लाल काहीतरी आहे. पण पाणी इतकं घाण आहे ना आई, शेपटीचं काही दिसत नाही." मी म्हटलं, "शेपटीचं राहू दे. खायला घाल, हात लावू नकोस." त्या दिवशी मी पेज पुरी संपवली. नर्सबाई म्हणाल्या, "आज्जी, आज काय विशेष?" मी सांगितलं नाही. नजर लागेल असं वाटलं. ब्याऐंशीव्या वर्षी!

काल कानाको आली. हातात झाकण लावलेला टप, त्यावर ओला टॉवेल. बोनच्या आधी मला बघायला मिळावेत म्हणून नागोयाहून रोज येऊन तिने ती टाकी उपसली होती, ब्रशने घासली होती, आणि ऊन लागू नये म्हणून पिल्लं नळाच्या शिळ्या केलेल्या पाण्यात, पांढऱ्या टपात घालून आत देव्हाऱ्याजवळ ठेवली होती. पंधरवडाभर. तिच्या बोटांची सालं निघाली होती. म्हणाली, "आई, तुम्ही सांगितलंत तसं हात नाही हो लावला. एकेकाला पळीने उचललं."

झाकण काढलं. सगळी पांढरी. भातासारखी. तो एक कुठला, तेही कळेना. ओठसुद्धा नाहीत.

हिरव्या पाण्याचं मी मृत्युपत्रात लिहिलं होतं, आणि मृत्युपत्र तर मोहोर लावून बंद. तिला कोण सांगणार? ते ऐकू नये म्हणून तर तिला चहाला पाठवलं होतं. वर इनागाकींना मीच अंगणाबाहेर ठेवलं होतं. पाणी बदलताना तिला थांबवणारं जाणतं माणूसही तिथे नव्हतं.

कानाको म्हणाली, "किती छान दिसतायत ना? अगदी स्वच्छ." मी म्हटलं, "हो गं. फार छान." ती खाली मशीनचा चहा आणायला गेली. मग मला रडू आलं. ह्यांच्या वेळीही इतकं आलं नव्हतं.

म्हणून सांगते. कलम सहामधला हिरव्या पाण्याचा परिच्छेद कानाकोला कधीही वाचून दाखवू नकोस. ती विचारेल, कारण ती विचारणारी आहे. तिला "काही नाही" म्हणायचं आणि "बरं" म्हणून गप्प बसायचं, असलंही करू नकोस. तसं गप्प बसणं किती दिवस टिकतं ते मी पाहिलं आहे. तिला फक्त या पुरवणीचा शेवटचा परिच्छेद वाचून दाखव, आणि मग तिच्याशी दुसऱ्या कशावरही भांड. ह्यांना देव्हाऱ्यापुढे काय दाखवायचं, ते आता माझ्या हातात नाही. मी पुढच्या बोनला स्वतःच जाऊन सांगेन. तेव्हाही ते "बरं" म्हणतील.

शेवटचा परिच्छेद ऐकून इनागाकी म्हणाले, "वहिनी, हे खोटं आहे. मी यावर सही कशी करू?" मी म्हटलं, "आहेच खोटं. तेव्हा एक खोटं तुम्ही फुकट बोललात, भर मांडवात. आता एक माझ्यासाठी बोला." त्यांनी चष्मा पुसला, खिशातून सहीचा शिक्का काढला.

कानाकोस वाचून दाखवण्यासाठी: यंदाची पिल्लं आपोआप पांढरी झाली. तसं होतं, नेहमीच होतं. कानाकोने त्यांना सांगितल्याप्रमाणे सांभाळलं आणि कुणाचाही हात त्यांना लागला नाही. मासे तिचेच आहेत. तिने त्यांना हवं तिथे, हव्या त्या पाण्यात ठेवावं.

सही करता न आल्याने अंगठा: फुजिए कामिया

साक्षीदार: योशिहेई इनागाकी. मासे आपोआप पांढरे झाले.
साक्षीदार: तेरुयो ओगुरी. मासे आपोआप पांढरे झाले.

ओकाझाकी, ९ ऑगस्ट, रेइवा सहा